टाच खालून धरा

मरोळला आमचं कॉलेज, म्हणजे
चर्चच्या मागे दोन मजले, एक जांभळाचं झाड
आणि दर पाच-सहा मिनिटांनी कौलांवरून जाणारं विमान.
विमान आलं की डिमेलो सर खडू वर धरून थांबतात,
गेलं की वाक्य तिथूनच उचलतात:
...म्हणून हा अस्थिबंध तुटेपर्यंत तक्रार करत नाही.

वर्गात आम्ही अकरा. बारावा सांगाडा.
त्याचं नाव मॅथ्यू, कोणी ठेवलं कोण जाणे.
डाव्या पायाची करंगळी हरवलीय.
प्रार्थनेला त्यालाही उभं करतात,
म्हणजे तो उभाच असतो.

पहिल्या हजेरीला सर थबकले. धावडे?
वा. मैदानावरून आलीस?
मी म्हटलं, गुडघ्यावरून.

डावा कोपरा खेळायचे मी.
अडकित्त्यात सुपारी फुटावी
तेवढाच आवाज झाला होता.
मॅटवर कोणाला ऐकूही गेला नाही.
स्प्रे मारला, पाणी पाजलं, पाठीवर थाप दिली,
आणि मी उरलेली अकरा मिनिटं खेळले.

पुस्तकात पायाला सव्वीस हाडं.
आमच्या घरी पायाला एकच काम.

टेप कात्रीने कापायची नाही, अंगठ्यांनी फाडायची, चर्रकन.
सुरकुती राहिली की फोड येतो.
पहिली पट्टी अँकर. वसईचा ऑल्विन तिला नांगर म्हणतो,
बापाच्या होडीतला.
मीही नांगरच म्हणते, पण माझा मामाच्या भातशेतातला.
घोट्यावर दोन्ही चालतात.

जानेवारीत उपांत्य सामना.
फेबियाना कोरिया चढाईहून परतली ती एका पायावर.
घट्ट बांध, म्हणाली, मला जायचंय.
मी मोजा उतरवला. हाड संपतं तिथे अंगठा दाबला.
ती ओरडली नाही,
पण पापणी हलली, आणि पापणी खोटं बोलत नाही.
मी म्हटलं, नाही.

कोच म्हणाले, तू कोण ठरवणार?
बाकावरच्या मुली म्हणाल्या, शेवटची सात मिनिटं आहेत गं.
मी बर्फाची पिशवी धरून बसले,
बोटं बधिर होईपर्यंत,
आणि तोच शब्द परत म्हटला, जरा हळू.

तीन गुणांनी हरलो.
फेबियाना माझ्याशी बोलेना.
कॅन्टीनमध्ये कुबड्या टेबलाला टेकवायची,
नेमक्या माझ्या बाजूच्या खुर्चीत.

पवित्र गुरुवारी बारा जण लागतात.
फादर लोबो त्यांचे पाय धुतात.
एकाला कांजिण्या झाल्या.
सिस्टर युफ्रेझिया लॅबच्या दारात: धावडे, चल.
सिस्टर, मी ख्रिस्ती नाही.
पाय आहेत ना?

तर मी बसले, बाकावर शेवटून दुसरी.
शेवटची फेबियाना.
पायांना वाकायचं मला माहीत आहे,
दिवाळीला, निकालाला, आत्या आली की.
माझ्या पायांपुढे कोणी वाकलं
की कुठे बघायचं असतं, ते कोणी शिकवलं नव्हतं.
मी मेणबत्त्या मोजल्या. सतरा.

फादर सत्तरी ओलांडलेले. खाली बसताना
त्यांचा गुडघा वाजला.
पाणी गार होतं. त्यांनी माझा पाय उचलला
बोटांना धरून, घोटा तसाच लोंबकळत,
पहिल्या सहामाहीत यालाच सर गुण कापतात,
आणि माझ्या तोंडून गेलंच:
टाच खालून धरा, फादर.

ऑर्गन वाजवणारा थांबला.
का विमान आलं म्हणून, नक्की सांगता येणार नाही.
फादरनी हात सरकवला. टाच तळव्यावर घेतली.
असं?
हो. असं.

शेजारून फस्सकन आवाज आला,
हसू दाबताना नाकातून येतो तसा.
अडीच महिन्यांतला तिचा पहिला आवाज,
माझ्या दिशेने.

तिचाही पाय धुऊन झाला.
फादर उठायला लागले, आधारासाठी हात पुढे केला.
मी धरला नाही लगेच.
आधी विचारलं,
कुठला गुडघा?